‘डोस बांधून द्या’ म्हणण्याआधी

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला माझं मेडिकल आहे. डी. फार्म., म्हणजे औषधशास्त्राचा डिप्लोमा, करून काउंटरमागे उभी राहिले त्याला २२ वर्षं झाली. या २२ वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य एकच, "ताई, एक डोस बांधून द्या." कधी सर्दीचा, कधी अंगदुखीचा, कधी नुसतंच "बरं वाटत नाही" म्हणून. डोस म्हणजे तीन-चार वेगवेगळ्या पाकिटांतून कात्रीने कापलेल्या सुट्या गोळ्या, कागदाच्या पुडीत गुंडाळलेल्या. पुडी फेकली की त्या गोळ्या कोणत्या होत्या हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही आणि उद्या त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळत नाही.

मी डोस बांधत नाही. आपण होऊन औषध घेऊच नका, असं मात्र मी कुणाला म्हणत नाही. सातपुड्यातल्या पाड्यावरून खाली उतरायचं म्हणजे जीपचं भाडं, दिवसाची बुडालेली मजुरी, वर डॉक्टरची फी. डोकं दुखलं, नाक गळायला लागलं, एका दिवसाचा ताप आला, पोट बिघडलं, एवढ्यासाठी कुणी एवढा खर्च करणार नाही, आणि करायची गरजही नसते. पण स्वतःच्या हाताने औषध घ्यायचं तर ते कसं घ्यायचं, हे शिकून घ्यावं लागतं.

आबांची गुलाबी गोळी

माझे वडील, आबा, पारोळा तालुक्यात कापूस करायचे. चाळिशीतच त्यांचे गुडघे धरायला लागले. गावात किराणा दुकान होतं. तिथे काचेच्या बरणीत लिमलेटच्या गोळ्यांशेजारी दुसऱ्या बरणीत गुलाबी गोळ्या असायच्या. फवारणीच्या दिवसांत आबा सकाळी एक घ्यायचे, रात्री एक. दुखणं थांबायचं, काम व्हायचं. घरात सगळ्यांना त्या गोळीचं कौतुक होतं. पाहुण्यांचे गुडघे दुखले तरी आई तीच काढून द्यायची.

मी डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होते. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, आबा परसाकडून आले आणि ओट्यावरच बसले. चेहरा पांढराफटक, अंगाला गार घाम. आईने नंतर सांगितलं की तीन दिवसांपासून शौच डांबरासारखी काळी होत होती. कुणाला सांगायचं म्हणून ते बोलले नव्हते. दवाखान्यात रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. डॉक्टरांनी आईला विचारलं, "कोणती गोळी घेत होते?" आई म्हणाली, "गुलाबी." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. औषधशास्त्र शिकणारी मुलगी घरात होती, आणि माझ्याकडेही त्या गोळीचं नाव नव्हतं.

आबा वाचले. पण तेव्हापासून मी काउंटरवर एक गोष्ट सोडलेली नाही: नाव माहीत नाही ती गोळी तोंडात टाकायची नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

पाकीट कसं वाचायचं

सुटी गोळी, पुडी, बरणीतली गोळी घेऊ नका. दोनच गोळ्या हव्या असतील तरी त्या पाकिटासकट कापून मागा, आणि कापताना त्या तुकड्यावर नाव राहील असं सांगा. हा तुमचा हक्क आहे, त्यात दुकानदारावर अविश्वास दाखवणं वगैरे काही नाही.

पाकीट उलटं करा. छापील बाजूला एक नाव ठळक दिसतं, ते कंपनीने ठेवलेलं नाव. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल ही अशी नावं. ते सोडून द्या आणि आत काय आहे ते शोधा. या तिन्ही गोळ्यांत मुख्य औषध एकच, पॅरासिटामॉल. नावाच्या पुढे आकडा असतो, ५०० मिलिग्रॅम किंवा ६५०. बऱ्याच पाकिटांवर हे नाव देवनागरीतही छापलेलं असतं, म्हणून इंग्रजी येत नाही म्हणून हात टेकू नका. बारीक अक्षर दिसत नसेल तर सातवीतल्या नातवाला वाचायला लावा किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून मोठा करून पाहा. आत दोन-तीन नावं असतील तर ती मिश्र गोळी आहे. तिथे दुप्पट सावध व्हा. अशी विनाकारण एकत्र केलेली मिश्रणं सरकारने वेळोवेळी बंद केली आहेत. २०१६ मध्ये ३४४, २०१८ मध्ये ३२८, २०२४ मध्ये १५६. यांतली एखादी गोळी आजही कुणाच्या कपाटात पडून असेल.

मग डाव्या कडेला उभी लाल रेघ आहे का ते पाहा. लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं असतं. आपल्याकडे "चिठ्ठीविना विकायची औषधं" अशी वेगळी यादी कायद्यात नाही. १९४० चा औषध कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम आहेत. त्यातल्या शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स या याद्यांमध्ये जी औषधं आहेत ती चिठ्ठीवर मिळतात, आणि जी त्यात नाहीत ती काउंटरवर. एच-१ २०१४ पासून लागू झालं. त्यातलं औषध दिलं की मला डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. म्हणून "दी द्या ना ताई, काय होस?" असं कुणी म्हटलं तरी माझा हात पुढे जात नाही.

शेवटी तारीख. एक्सपायरी महिना आणि साल अशी असते, आणि त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. ही तारीख पाकिटाच्या एकाच टोकाला असते. घरी गोळी नेहमी दुसऱ्या टोकाकडून तोडा, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख तुमच्या हातात राहते. मी स्वतः कापते तेव्हाही कात्री त्या दुसऱ्या टोकाकडूनच चालवते.

ताप आणि अंगदुखी

मागच्या पावसाळ्यात अडावदकडचा एक तरुण आला. केळीच्या गाडीवर हमाली करतो. तीन दिवस ताप, अंग मोडून आलेलं. खिशातून त्याने तीन कापलेले तुकडे काढले आणि काउंटरवर मांडले. पहिला सर्दीच्या गोळीचा, दुसरा तापाच्या, तिसरा अंगदुखीच्या. तिन्ही दिवसातून तीनदा. मी कागद घेतला आणि त्याच्यासमोर लिहिलं. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५००. तापाच्या गोळीत ६५०. अंगदुखीच्या गोळीत असेक्लोफेनॅक, आणि त्याच्यासोबत पॅरासिटामॉल ३२५. बेरीज १४७५. गुणिले तीन, ४४२५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम, ही शेवटची हद्द. तो तीन वेगळी औषधं घेतोय असं समजत होता, आणि एकच औषध तीन नावांनी पोटात जात होतं. हद्दीच्या पुढे गेलं की पॅरासिटामॉल यकृत पोळतं, आणि सुरुवातीचे एक-दोन दिवस माणसाला काही जाणवतही नाही. दारू घेणाऱ्याला, कावीळ होऊन गेलेल्याला, फार बारीक माणसाला त्याहून कितीतरी कमी मात्रा बाधते.

माझ्या काउंटरवर मी असं सांगते: मोठ्या माणसाला तापाला एक पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५० ची. पुढची निदान सहा तासांनी. दिवसाला चारच्या वर नाही. ती चालू असेपर्यंत सर्दीची किंवा अंगदुखीची दुसरी मिश्र गोळी घ्यायची नाही. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त तपासायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाचा रक्तनमुना फुकट घेतात.

श्रावणापासून दिवाळीपर्यंत ताप आला की आधी डेंग्यूचा विचार करा. या दिवसांत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची गोळी तापावर घेऊ नका, कारण डेंग्यूमध्ये ती रक्तस्राव वाढवते. फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि ताप उतरल्यावरही दोन दिवस लक्ष. पोट सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं काही दिसलं तर घरी थांबू नका.

मुलांचं औषध वयावरून नाही, वजनावरून द्यायचं. एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. दहा किलोच्या बाळाला १०० ते १५०. इथे सगळ्यात मोठी चूक बाटलीत होते. सिरप पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं असतं, तसंच २५० चंही असतं. थेंबाची छोटी बाटली तर त्याहून कडक, एका मिलिलिटरमध्येच १००. सिरपच्या मापाने कुणी थेंबाचं औषध पाच मिलिलिटर पाजलं तर बाळाच्या पोटात ५०० जातात. बाटली बदलली की माप बदललं, हे लक्षात ठेवा आणि घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचंच टोपण किंवा पिचकारी वापरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काहीच देऊ नका, सरळ दवाखाना. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. "पण त्यानं ताप लवकर उतरस ना ताई" असं मला आजही आया म्हणतात. उतरतो, पण यकृताला धोका देऊन.

सातपुड्याकडच्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. घरात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं कार्ड असलेलं मूल असेल तर त्याचा ताप आणि त्याच्या हाडांचं दुखणं हे घरगुती औषधाचं काम नाही. पाणी पाजत त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

मे महिन्यातला ताप निराळा

आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. केळीच्या बागेत, वीटभट्टीवर, मोटारसायकलवर फिरून आलेल्या माणसाचं अंग तव्यासारखं भाजत असतं, तो असंबद्ध बोलतो, चालताना झोकांड्या खातो. घरचे धावत येतात, "ताई, तावनी गोयी द्या." हा ताव गोळीने उतरत नाही. पॅरासिटामॉल मेंदूतल्या तापाच्या बटणावर काम करतं, आणि उष्माघातात ते बटण फिरलेलं नसतं. शरीराला उष्णता बाहेर टाकताच येत नसते. गोळी शोधण्यात जाणारी दहा मिनिटं इथे फार महाग पडतात. सावलीत न्या, कपडे काढा, अंगभर पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि जांघेत ओले कपडे ठेवा, आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

गुडघे, कंबर आणि दुखणं मारणाऱ्या गोळ्या

आबांची गुलाबी गोळी याच जातीतली असणार. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन. एकदा दात दुखला म्हणून एखादी घेतली तर बहुतेकांना काही होत नाही. रोजची सवय लागली की ती पोटाच्या अस्तराला छिद्र पाडते, रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंडाकडचा रक्ताचा ओघ कमी करते. खान्देशात त्यात उन्हाची भर पडते. दिवसभर घाम गाळून शरीर कोरडं पडलेलं, पाणी कमी प्यायलेलं, आणि संध्याकाळी अंगदुखीवर डायक्लोफेनॅक. मूत्रपिंडावर एकाच वेळी दोन मार. बी.पी.च्या काही गोळ्या चालू असतील तर तिसरा.

म्हणून मी या गोळ्या मागणाऱ्याला चार प्रश्न विचारते. बी.पी. आहे का? पोटात कधी अल्सर झालाय का? हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी, इकोस्प्रिनसारखी, चालू आहे का? बाई असेल तर दिवस गेलेत का? एकालाही "हो" आलं तर मी देत नाही. तुम्हीही स्वतःला हेच विचारा. गुडघ्याला आधी चोळायचं मलम, गरम पाण्याचा शेक, मांडीचे व्यायाम, आणि लागलीच तर पॅरासिटामॉल. शौच डांबरासारखी काळी झाली, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर लाजू नका. आबा तीन दिवस लाजले होते.

नाव नसलेल्या "संधिवाताच्या पुड्या" आणि "आयुर्वेदिक" म्हणून दारावर विकल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल एवढंच सांगते की, एका गोळीत माणूस धावायला लागला तर तिच्यात स्टेरॉइड, म्हणजे सूज झटपट दाबणारं जोरकस औषध, असण्याची शंका घ्या. त्या बऱ्याच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडा.

नायट्याची ट्यूब

हा विषय लोक काउंटरवर कुजबुजत बोलतात, म्हणून इथे मोठ्याने लिहिते. जांघेत, कंबरेच्या नाड्याखाली, बायकांना साडीच्या निऱ्यांच्या ठिकाणी आणि छातीखाली नायटा होतो. आमच्याकडच्या घामाच्या हवेत तो घरातल्या एकाला झाला की सगळ्यांना होतो. लोक येऊन ट्यूबचा रिकामा डबा दाखवतात, "हीच द्या, हिने लगेच थांबतं."

त्या ट्यूबवर नावं वाचा. बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते ती स्टेरॉइडमुळे. बुरशी मात्र आत पसरत राहते. ट्यूब थांबवली की नायटा पहिल्यापेक्षा मोठा होऊन येतो, मग पुन्हा ट्यूब. सहा महिन्यांनी कातडी कागदासारखी पातळ होते आणि मांडीवर कायमचे चट्टे उमटतात. चेहऱ्यावर गोरं दिसायला म्हणून अशी ट्यूब लावणाऱ्या मुलींची कातडी लालबुंद आणि केसाळ झालेली मी पाहिली आहे.

नुसतं बुरशीचं मलम घ्या, क्लोट्रिमाझोलसारखं, ज्यावर दुसरं काही लिहिलेलं नाही. दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागा धरून. नायटा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावत राहा, कारण अर्ध्यात थांबवलं की तो परततो. टॉवेल ज्याचा त्याचा. आतले कपडे सुती, उन्हात उलटे करून वाळवलेले. घरात ज्यांना ज्यांना आहे त्यांनी एकाच वेळी सुरू करा. महिन्याभरात उतरला नाही, किंवा अंगभर आहे, तर पोटातून औषध लागतं आणि ते डॉक्टरच देतील.

जुलाब

जुलाबात जीव जातो तो पाणी कमी पडून, म्हणून पहिलं औषध ओआरएस. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाइन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं हे पाणी पाजून हजारो माणसं जगवली. आपण ते पाकीट अर्धं ग्लासात टाकतो आणि अर्धं घडी घालून ठेवतो. असं करू नका. एक लिटरचं पाकीट पूर्ण, एक लिटर स्वच्छ पाण्यात. माप नसेल तर बाजारातली एक लिटरची पाण्याची बाटली घ्या. २४ तासांत संपवा, उरलेलं ओता. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रंगीत गोड पेयाचे डबे ओआरएसच्या नावाने विकले जायचे, ते नाव वापरायला २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्या.

मुलाला ओआरएसबरोबर झिंक द्या, सहा महिन्यांच्या वर रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०, जुलाब थांबले तरी १४ दिवस. जुलाब एकदम थांबवणारी लोपेरामाइडची गोळी मुलाला कधीच नाही, आणि शौचात रक्त किंवा अंगात ताप असेल तर मोठ्यालाही नाही.

"गॅस झालाय"

शेवभाजी, भरीत-पुरी, लाल मिरचीचा ठेचा हे आपलं जेवण. जळजळ होणारच. पांढरं पातळ अँटासिड जेवणानंतर घ्यायला हरकत नाही, फक्त दुसऱ्या गोळ्यांपासून दोन तास लांब. ॲसिड कमी करणारी पँटोप्राझोलची गोळी मात्र चिठ्ठीचं औषध आहे. रोज सकाळी उपाशीपोटी वर्षानुवर्षं ती घेणारे मला आठवड्यातून दहा भेटतात.

मी सगळ्यात घाबरते ते रात्री उशिरा "गॅसची गोळी" मागायला आलेल्या माणसाला. छातीच्या मध्ये दाबल्यासारखं, सोबत घाम, जबडा किंवा डावा हात भरून येणं, धाप, मळमळ. बायकांना आणि मधुमेहींना तर नुसतीच अस्वस्थता आणि घाम. हे असलं काही असेल तर अँटासिड घेऊन पाहू असं म्हणू नका. मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका. १०८.

खोकला आणि "तीन गोळ्यांवाली"

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या मध्यप्रदेशात, छिंदवाड्यात, खोकल्याचं सिरप घेतलेली लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. त्याच ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. हे विष नसतानाही ती औषधं एवढ्या लहान मुलांना उपयोगी पडत नाहीत. वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना चमचाभर मध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पाणी. वर्षाच्या आत मध नाही. मूल धापा टाकत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर तो साधा खोकला नाही.

मोठ्यांनी सर्दीची गोळी घेतली तर झोप येते हे धरून चाला. ती घेऊन ट्रॅक्टर चालवू नका. बी.पी. असलेल्यांनी नाक मोकळं करणारी फिनाइलेफ्रिनची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

"ती तीन गोळ्यांवाली द्या," म्हणजे अझिथ्रोमायसिन. लाल रेघ पाहा. सर्दी विषाणूची असते, तिच्यावर प्रतिजैविक चालत नाही. चौथ्या दिवशी सर्दी आपोआप उतरते आणि श्रेय गोळीला मिळतं. पुढे न्यूमोनिया झाला की तीच गोळी काम करेनाशी होते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं प्रतिजैविक मात्र त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्या, आणि उरलं तर जावेच्या पोराला देऊ नका.

आखाजीला डबा उपसा

औषधं फ्रिजवर ठेवू नका, तिथे गरम हवा असते. गाडीच्या डिकीत नको, पत्र्याच्या छताखालच्या फळीवर नको. पाकिटावर "३० अंशांखाली ठेवा" लिहिलेलं असतं आणि मेमध्ये आपल्या पत्र्याच्या घरात ते पाळणं अवघड जातं. घरातल्या सगळ्यात गार खोलीत, खाली, झाकणाच्या डब्यात ठेवा, पोरांचा हात पोचणार नाही असं कुलूप घालून. पाणी घालून तयार केलेलं मुलांचं प्रतिजैविक सिरप बाटलीवर लिहिलेल्या दिवसांनंतर, साधारण आठवड्याने, टाकून द्यायचं. डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून महिनाभर. फोडलेल्या दिवशी बाटलीवर पेनाने तारीख लिहा.

डब्यात मी काय ठेवते ते सांगते: पॅरासिटामॉल ५०० चं एक पाकीट, ओआरएसची चार पाकिटं, झिंक, अँटासिडची बाटली, क्लोट्रिमाझोलची ट्यूब, ॲलर्जीसाठी सेट्रिझिन, जखमेसाठी पोव्हिडोन आयोडीन, कापूस-पट्टी, थर्मामीटर. झाकणाच्या आत चिकटवलेली चिठ्ठी: घरातल्या प्रत्येकाच्या रोजच्या गोळ्या, कुणाला कशाची ॲलर्जी, मुलांची वजनं, आणि तीन नंबर. १०८ रुग्णवाहिका, १०४ आरोग्याचा सल्ला, १८००-१८०-३०२४ औषध बाधलं तर कळवायला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. मी पारोळ्याला जाते तेव्हा लिंबाला बांधलेल्या झोक्याखाली चटई टाकून आईचा डबा उपसते. मागच्या आखाजीला त्यात निघालं ते असं: तारीख कापून गेलेलं अर्धं पाकीट, घट्ट झालेलं मुलांचं सिरप, शेजारणीने दिलेल्या दोन पांढऱ्या गोळ्या कागदात, आणि एक नायट्याची ट्यूब, जिच्यावर क्लोबेटासॉल लिहिलेलं. पांढऱ्या गोळ्या हातात घेतल्या तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे वं, कामले येई." मी विचारलं, "नाव काय तिचं?" आई गप्प राहिली, मग तिनेच तो कागद माझ्या हातातून घेतला. आम्ही त्या गोळ्या सकाळच्या चहाच्या ओल्या चोथ्यात कुस्करल्या, सिरप मातीत मुरवून तेही त्यात घातलं, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात टाकली. नाल्यात किंवा संडासात ओतलं नाही. मग बी.पी.च्या पाकिटावर मी मार्करने एक ठिपका काढला, सकाळचा. साखरेच्या गोळीच्या पाकिटावर दोन, सकाळ-संध्याकाळ. आईला वाचता येत नाही, पण ठिपके मोजता येतात. झाकणातली चिठ्ठी नवी लिहिली आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली.